मार, छळ सोसलेलं मूल आपल्या माणसांतच ठेवून कसं सांभाळायचं

एखाद्या मुलाला घरात मारतात, उपाशी ठेवतात किंवा कोणीतरी त्याच्याशी नको ते करतंय हे कळलं की सगळे एकच म्हणतात, आधी त्याला तिथून बाहेर काढा. मीही पहिल्यांदा तेच म्हटलं होतं. पण बाहेर काढून ठेवायचं कुठे हे कोणी बोलत नाही, मग मूल मोठ्या संस्थेत जातं, तिथे ड्युटी बदलली की सांभाळणारी माणसंही बदलतात, शाळा सुटते, मित्र सुटतात, ज्या एका बाईंवर त्याचा जीव होता त्या बाईही सुटतात. म्हणजे त्रास देणाऱ्याबरोबर चांगली माणसंसुद्धा हातची गेली. म्हणून हे लिहितेय, शेजारी, शिक्षक, नातेवाईक, ओळखीचे अशा साध्या लोकांसाठी, कारण यातलं बरंचसं काम तुम्हीच करू शकता.

मूल सांगायला लागलं की खाली बसा, त्याच्या उंचीला या आणि ऐका. "बरं झालं सांगितलंस, यात तुझी काही चूक नाही" एवढं पुरे. "काकांनी केलं का? इथे हात लावला का?" असे प्रश्न अजिबात विचारायचे नाहीत, कारण उत्तर आपणच पुरवतो आणि पुढे चौकशीत तेच मुलावर उलटतं. "पुढे काय झालं" एवढंच विचारा. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका, ते मोडावंच लागतं आणि मुलाला आणखी एक मोठा माणूस खोटा निघाल्याचं दिसतं. त्याऐवजी सांगा की तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना कळायला हवं त्यांनाच सांगेन. नंतर लगेच त्याच्याच शब्दांत तारीख-वेळेसकट लिहून ठेवा आणि त्याच दिवशी बालसंरक्षण यंत्रणेला किंवा पोलिसांना कळवा, खात्री पटायची वाट बघू नका, शहानिशा करणं त्यांचं काम आहे. संशय असलेल्या माणसाला जाऊन जाब विचारू नका, राग सगळ्यांना येतो पण त्याची किंमत रात्री मूल चुकवतं.

लैंगिक अत्याचार नुकताच झाला असेल तर डॉक्टर आधी. आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि हे तास घरातल्या रडारडीत आणि लोक काय म्हणतील यात कधी निघून जातात कळत नाही.

आता राहायचं कुठे. संयुक्त राष्ट्रांनी २००९ साली पर्यायी संगोपनाच्या, म्हणजे स्वतःच्या घराबाहेर मूल सांभाळण्याच्या, मार्गदर्शक सूचना मंजूर केल्या, त्यात म्हटलंय की कुटुंबापासून वेगळं करणं हा शेवटचा उपाय, नुसत्या गरिबीसाठी तर मूल काढायचंच नाही, ३ वर्षांखालच्या मुलाची सोय कुटुंबासारख्या घरातच करायची आणि भावंडांची शक्यतो ताटातूट करायची नाही. हे नुसतं चांगुलपणापोटी नाही. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० सालाच्या सुमारास संस्थेतल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला, चिठ्ठी टाकून निम्मी मुलं पालक-कुटुंबांकडे, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांकडे दिली, आणि घरात गेलेल्यांचं एकंदरीत बरं चाललं, त्यातही जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांना जास्त फायदा झाला. म्हणजे उशीर हीसुद्धा इजाच आहे. आधी बघा, त्रास देणाऱ्यालाच घराबाहेर काढून मूल दुसऱ्या पालकाजवळ राहू शकतं का. नाही जमलं तर आजी, मावशी, आत्या, मोठं भावंड, आणि तेही नसेल तर जवळपासचं तपासलेलं पालक-कुटुंब. निर्णय अधिकृत यंत्रणाच घेणार, आपण परस्पर मूल उचलून आणायचं नाही, पण नावं आपण सुचवू शकतो. नातेवाईक निवडताना माझा एकच प्रश्न असतो, यांचा मुलावर विश्वास आहे का? खोली छोटी असली तरी चालतं. "पोरगी बनवून सांगतेय" म्हणणाऱ्याचा बंगला असला तरी नको.

मग सगळ्यांना एकत्र बसवा. न्यूझीलंडनं १९८९ च्या कायद्यात ही पद्धत आणली, मुळं तिथल्या मूळच्या माओरी लोकांच्या एकत्र बसून ठरवण्यात आहेत. कुटुंब, मुलाला हवी ती माणसं आणि केस वर्कर, म्हणजे मुलाचं प्रकरण बघणारा अधिकारी, बसतात, मग अधिकारी बाहेर जातात आणि कुटुंब आपसात ठरवतं. त्रास देणारा त्या खोलीत नको हे सांगायला नकोच. बैठकीतून "आम्ही सगळे आहोत" एवढंच निघालं तर काहीच निघालं नाही असं समजा. कागदावर यायला हवं की सोमवार-बुधवार शाळेतून आणणार कोण, डॉक्टरकडे नेणार कोण, रात्री दोन वाजता फोन आला तर उचलणार कोण, आणि यातलं कोणी आजारी पडलं तर त्याच्या जागी कोण. पाच-सहा माणसं पुरतात, पण तीच ती हवीत, हाच मुलाचा गट.

रोजच्या सांभाळण्याबद्दल एक प्रसंग सांगते. आमच्या ओळखीतल्या एका घरी नऊ वर्षांची मुलगी आली, ती बूट घालून झोपायची. पांघरूण ओढलं की खाली नाडी घट्ट बांधलेले बूट. पहिल्या रात्री त्या ताईंनी झोपेत काढायचा प्रयत्न केला तर पोरगी किंचाळत उठली आणि सकाळपर्यंत भिंतीला टेकून बसली. मग कळलं की रात्री पळावं लागलं तर पायात काहीतरी हवं, म्हणून बूट. ताईंनी हट्ट सोडला, बुटांचे तळवे ओल्या फडक्यानं पुसून दिले आणि म्हणाल्या की घालून झोप, चादर धुता येते. रोज त्याच वेळी दिवा मंद करायचा, दार किती उघडं ठेवायचं ते तिनंच ठरवायचं, आत येण्याआधी टकटक. दोन महिन्यांनी नाड्या सैल झाल्या, मग बूट उशीजवळ आले, मग पलंगाखाली, आणि एक दिवस दाराशी बाकीच्यांच्या चपलांच्या रांगेत. त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही, आणि ते फार बरोबर केलं.

वागणं विचित्र दिसलं की याला काय झालंय असं विचारू नका, हे वागणं आधी कुठे कामी आलं असेल ते शोधा. खाऊ लपवत असेल तर डब्यावर त्याचं नाव घाला आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका. शिक्षा म्हणून जेवण बंद, कोंडणं, मारणं, अबोला यातलं काहीही नाही, अगदी एकदाही नाही.

थेरपी लागते, प्रेमानं सगळं भरून येतं असं नाही. ट्रॉमासाठीची, म्हणजे मनावर बसलेल्या आघातासाठीची, एक चांगली तपासलेली थेरपी ३ ते १८ वर्षांच्या मुलांना देतात, साधारण १२ ते १६ सेशन, आणि त्यात भरवशाचा पालकही सामील असतो, म्हणून काउन्सेलरला सरळ विचारा की मला यात काय काम आहे. मारणारे आईबाप बदलतात का? काही बदलतात, आणि हे मी मनापासून सांगते कारण मलाही आधी पटत नव्हतं. एका पद्धतीत काउन्सेलर एका बाजूनंच आरपार दिसणाऱ्या आरशाच्या काचेमागे बसून पालकाच्या कानातल्या यंत्रातून, मुलाशी खेळताना तिथल्या तिथे शिकवत राहतो. मुलांना मारलेल्या ११० पालकांवरच्या २००४ सालच्या चाचणीत ही पद्धत शिकलेल्या १९ टक्के पालकांची पुन्हा मारहाणीची तक्रार आली, पालकांना शिकवणाऱ्या नेहमीच्या वर्गात गेलेल्यांपैकी ४९ टक्के जणांची. लैंगिक अत्याचाराला हे लागू नाही, तिथे मूल आणि तो माणूस वेगळेच राहायला हवेत.

किशोरवयीन पोरांकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, लहान मूल रडतं म्हणून दया येते, पंधरा वर्षांचा दार आपटतो, शाळा बुडवतो, शिव्या देतो, मग लोक म्हणतात बिघडलाय. त्याला समोर बसवून "बोल" म्हटलं तर तो बोलणार नाही. आमच्या गटातले एक काका सायकली दुरुस्त करतात, त्यांच्याकडे एक मुलगा यायचा, दोघांचे हात ग्रीसनं काळे, दोघांची नजर चेनवर, आणि चेन बसवता बसवता त्यानं बापाबद्दल पहिलं वाक्य बोललं. काकांनी वर न बघता फक्त पाना पुढे केला. मुलांबरोबर असं शेजारी-शेजारी काहीतरी करायला हवं. बैठकीत त्यांना खुर्ची द्या, कागदावर त्यांचं मत लिहा. मरायचं किंवा स्वतःला इजा करायचं बोलले तर स्पष्ट विचारा, विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या.

गोष्ट पसरू देऊ नका. शाळेत कोणाला किती सांगायचं ते मुलाला विचारून ठरवा, फोटो कुठेही टाकू नका, "बिचारी" म्हणून ओळख करून देणाऱ्या माणसाला तिथेच थांबवा. आणि सांभाळणाऱ्याला महिन्यातून दोन दिवस तरी सुट्टी हवी, त्या दिवशी मूल गटातल्याच ओळखीच्या घरी जाईल असं आधीपासून ठरवा, नाहीतर चांगली माणसं थकून अचानक नाही म्हणतात आणि मुलाला पुन्हा तेच, आपल्याला टाकलं.

घरी परत जायची वेळ आली तर एकदम पाठवू नका. आधी कोणीतरी सोबत असताना दोन तास, मग एक दिवस, मग एक रात्र, आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर त्याच्याशी एकट्यानं बोलणं. कायमचं गेल्यावरही निदान सहा महिने गटातलं कोणीतरी दर आठवड्याला घरी डोकावतं, शाळेतले शिक्षक लक्ष ठेवतात, आणि मुलाला दोन फोन नंबर तोंडपाठ असतात. सांभाळलेल्या घरातला त्याचा कप्पा आवरू नका. त्यात त्याचा टॉवेल, ब्रश, एक जोडी कपडे तसेच राहू द्या आणि जाताना त्याला उघडून दाखवा.