पेंड्रॅगन प्रिंट-ऑन-डिमांड मागवायचंय? मग आधी हे बघून घ्या

किंग आर्थरच्या सरदारांचा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून आपापलं पात्र वठवत खेळायचा) म्हटलं की पहिलं नाव पेंड्रॅगनचंच. ग्रेग स्टॅफर्डने लिहिला, केऑसियम या कंपनीने 1985 मध्ये काढला, म्हणजे मॅलरीची आर्थरकथा कॅक्स्टनने छापली त्याला बरोब्बर 500 वर्षं झाली तेव्हा. नंतर हा गेम या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिला आणि 2018 ला परत केऑसियमकडे आला. या सगळ्या फिरतीत जुनी पुस्तकं दुकानांतून गेली, सेकंडहँड कॉपीचे भाव वाट्टेल तेवढे झाले, त्यामुळे आता जुन्या आवृत्त्यांसाठी प्रिंट-ऑन-डिमांड हाच आपल्यासारख्यांना परवडणारा रस्ता. यात स्टॉक नसतो, तुम्ही ऑर्डर दिली की तुमची एक कॉपी छापतात. म्हणूनच एकदा ऑर्डर छपाईला गेली की सहसा कॅन्सल होत नाही, जो काय विचार करायचा तो आधीच करा.

आधी आवृत्ती ठरवा. नव्याने सुरू करणार असाल तर सहावी आवृत्ती आहे, स्टार्टर सेट 2023 ला आला, मुख्य नियमपुस्तक 2024 ला, आणि ती नेहमीसारखी छापलेली पुस्तकं आहेत, त्यासाठी प्रिंट-ऑन-डिमांडच्या मागे लागू नका. पण तुम्हाला ग्रेट पेंड्रॅगन कॅम्पेन, म्हणजे एकाला एक जोडलेल्या साहसांची लांबलचक मालिका, खेळायची असेल, इसवी सन 485 पासून 566 पर्यंत, बाप-मुलगा-नातू असं घराणंच्या घराणं चालवायचं, तर ते पुस्तक 2006 चं, पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेलं, म्हणून त्याच्याबरोबर नियमपण पाचवीचेच घ्या, म्हणजे तिची सुधारित 5.2 आवृत्ती. अर्धे नियम इकडचे अर्धे तिकडचे केलं की दर सेशनला टेबलावर वाद ठरलेला.

मग ड्राइव्हथ्रूआरपीजीवर (अशा गेमची पुस्तकं विकणारी वेबसाइट) त्या पुस्तकाचं पान उघडा आणि फॉरमॅट नीट वाचा. काही पुस्तकांना फक्त पीडीएफ असतं, काहींना सॉफ्टकव्हर, काहींना हार्डकव्हर. पीडीएफ आणि छापील कॉपी एकत्र मिळत असेल तर तेच घ्या, का ते पुढे सांगतो. प्रीव्ह्यू दिला असेल तर झूम करून बघाच. ऐंशी-नव्वदच्या दशकातली पुस्तकं बऱ्याचदा जुन्या कॉपीवरून स्कॅन केलेली असतात, अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसल्या, तक्त्यातले आकडे पुसट दिसले, तर कागदावर पण तसंच येणार, छपाईने ते सुधारत नाही.

कागद आणि बाइंडिंग. इथे मात्र घाई नको. रंगीत पुस्तकात स्टँडर्ड आणि प्रीमियम असे दोन पर्याय दिसले तर नुसतं वाचायला स्टँडर्ड ठीक आहे, चित्रांसाठी घेत असाल तर प्रीमियम. एवढं लक्षात ठेवा की ऑफसेट छपाईसारखा (नेहमीची पुस्तकं मोठ्या संख्येने छापतात तशी) गडद काळा रंग यात सहसा येत नाही, थोडा राखाडीकडे झुकतो. आणि हार्डकव्हर म्हणजे पानं शिवलेली असतात असं समजू नका, यात बहुतेक वेळा गोंदानेच चिकटवलेली असतात. तरी माझं मत हार्डकव्हरच, कारण या गेममध्ये दर साहसानंतर विंटर फेज येतो, सरदाराचं वय, जमिनीचं उत्पन्न, घोडे जगले का, मुलं झाली का हे सगळं तक्ते काढून बघायचं असतं, तीच तीच पानं वर्षानुवर्षं उघडली जातात आणि सॉफ्टकव्हरचा कणा तिथेच मोडतो.

पैसे भरायच्या आधी कार्टमध्ये आपला पत्ता पिनकोडसकट टाकून शिपिंगचा आकडा बघा. चारशेच्या वर पानांचं हार्डकव्हर परदेशातून भारतात येणार म्हणजे वजन आलं, वर कस्टम्सचा खर्च लागू शकतो तोही धरून चला. ग्रुपमधल्या तिघा-चौघांनी मिळून एकच ऑर्डर टाकली तर शिपिंग वाटून जातं. लंडनला किंवा न्यू जर्सीला मावसभाऊ, आत्या कोणी असेल आणि येणार असेल तर तिकडचा पत्ता द्या, अर्थात बॅगेत जागा आहे का हे आधी विचारून. आणि घाई करू नका, छापायलाच काही दिवस ते दोनेक आठवडे जातात, प्रवास वेगळा.

पुस्तक आलं की खोका उघडताना फोटो काढा, मग सगळी पानं एकदा चाळा: पानांचे नंबर सलग आहेत का, एखादा गठ्ठा उलटा लागलाय का, कोपरे दबलेत का. कटिंग एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असणं चालायचंच, पण पान गायब असेल तर लगेच फोटोसकट कस्टमर सपोर्टला लिहा. सगळं ठीक असेल तर पुस्तक कण्यावर उभं धरा, दोन्ही पुठ्ठे टेबलावर सपाट टेकवा, मग पुढून थोडी पानं, मागून थोडी पानं असं करत हलक्या हाताने दाबत मधोमध पर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे पण गोंद तडकत नाही. नवं पुस्तक थेट मधोमध फाकवायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

आता पीडीएफ कशाला ते. घडीचे मोठे नकाशे या छपाईत निघत नाहीत, म्हणून सॉल्सबरीचा (गेममधला इंग्लंडचा एक प्रांत) नकाशा पीडीएफमधून ए-थ्रीवर वेगळा काढून घ्या, तुमचे सरदार बहुधा तिथलेच असणार. कॅरेक्टर शीटच्या (आपल्या सरदाराची माहिती लिहायचा कागद) भरपूर झेरॉक्स काढा, त्यावर एकमेकांविरुद्ध स्वभावगुणांच्या 13 जोड्या असतात, प्रत्येकीची बेरीज 20 राहिली पाहिजे, आणि आकडे सारखे बदलतात, खोडून खोडून कागद फाटतो. विंटर फेजचे तक्ते तेवढे लॅमिनेट करून घ्या, मग त्यासाठी दर वेळी पुस्तकाला हात लावावा लागत नाही.