चारशे केव्ही उपकेंद्रात पीएमयू बसवताना: फेज जुळल्याशिवाय सही करू नका

गेली बावीस वर्षं मी टेस्टिंगमध्ये आहे. आधी रिले (बिघाड ओळखून ब्रेकर उघडायला लावणारं यंत्र), सीटी (मोठा करंट मोजण्याजोगा लहान करणारा ट्रान्सफॉर्मर), ब्रेकर टायमिंग हेच काम होतं, नंतर पीएमयू, म्हणजे फेजर मेजरमेंट युनिट, आले. टेस्टिंगला नव्याने आलेली मुलं-मुली मला फोन करतात, "मॅडम, मॅन्युअल वाचलं, कनेक्शन झालं, व्होल्टेज दिसतंय. आता सही करू का?" हे सगळं त्यांच्यासाठी लिहिते आहे. मी एकदा घाईत सही केली होती, तेही पुढे सांगते.

आधी हे यंत्र कशासाठी, ते मनात पक्कं करा. स्काडावर, म्हणजे उपकेंद्रांचे आकडे दुरून दाखवणाऱ्या नेहमीच्या यंत्रणेवर, आकडे दर काही सेकंदांनी येतात आणि दोन उपकेंद्रांचे आकडे एकाच क्षणाचे असतीलच असं नाही. पीएमयू उपग्रहाच्या घड्याळाचा शिक्का मारून सेकंदाला २५ वेळा व्होल्टेज आणि करंटचा आकडा अँगलसकट पाठवतो. सोलापूर आणि रायचूरच्या व्होल्टेजमध्ये आत्ता या क्षणी किती अंशांचा फरक आहे, हे त्यामुळे कळतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीवरून दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. एवढ्या मोठ्या ग्रिडमध्ये तीन-चार सेकंदांना एक हेलकावा अशी डोलणी सुरू झाली, तर स्काडाला ती धड दिसत नाहीत, पीएमयूला दिसतात. ३० जुलै २०१२ च्या रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर वाहिनी ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळलं, हे आपल्या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो. आणि पहिला पीएमयू १९८८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेकला बनवणाऱ्या चमूचे प्रमुख अरुण फडके याच ग्वाल्हेरचे. हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते, कारण मला त्याचा अभिमान वाटतो.

आता काम. एकाच सीटीत वेगवेगळ्या कामांचे वेगळे कोअर (गाभा आणि त्यावरची वाइंडिंग) असतात; त्यातला कोणता घ्यायचा हे पॅनेल येण्याआधी ठरवा. मीटरिंग कोअर रोजच्या लोडला अचूक असतो, पण फॉल्टच्या वेळी लवकर सॅच्युरेट होतो. प्रोटेक्शन कोअर फॉल्टचा करंट खरा दाखवतो, पण हलक्या लोडला त्याची चूक जास्त असते. ड्रॉइंगमध्ये जे मंजूर आहे तेच करायचं, मात्र कोणता कोअर वापरला ते नोंदवहीत लिहा. सहा महिन्यांनी एखाद्या ट्रिपिंगचा आलेख बघताना हाच पहिला प्रश्न निघतो.

परमिट घेतल्याशिवाय पॅनेलचं दार उघडायचं नाही. चालू वाहिनीच्या सीटी सर्किटमध्ये पीएमयू सिरीजमध्ये घालताना आधी टेस्ट टर्मिनल ब्लॉकवर शॉर्टिंग लिंक टाका, टॉन्ग टेस्टर (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर) लावून करंट खरंच लिंकमधून वळला का ते बघा, मगच तार सोडा. सीटीची सेकंडरी उघडी पडली तर तिथे जे व्होल्टेज तयार होतं ते माणूस मारू शकतं. या एका गोष्टीत मी कुणालाही सूट देत नाही, वीस वर्षं काम केलेल्या फिटरलाही नाही. सीव्हीटीकडून (वाहिनीचं व्होल्टेज लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर) येणाऱ्या व्होल्टेजला स्वतंत्र एमसीबी ठेवा, म्हणजे पुढे पीएमयूवर काम करताना रिलेचं व्होल्टेज जाणार नाही. सीटी असो की सीव्हीटी, सेकंडरीचं अर्थिंग एकाच जागी हवं.

जीपीएस अँटेना कंट्रोल रूमच्या गच्चीवर अशा ठिकाणी लावा, जिथून चारी बाजूंना आभाळ दिसेल. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावला की दिवसातल्या ठरावीक वेळी उपग्रह कमी पडतात आणि लॉक, म्हणजे घड्याळाची उपग्रहांवरची पकड, सुटतो. लाइटनिंग अरेस्टर केबल इमारतीत शिरते तिथे, आणि त्याला चांगलं अर्थिंग. केबलची लांबी मोजून घड्याळात भरा. मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद धरले तर ४० मीटरला २०० नॅनोसेकंद होतात, म्हणजे अँगलमध्ये ०.००३६ अंश. नगण्य आहे, तरी भरा, सवय चांगली. खरी भीती मोठ्या चुकीची. ५० हर्ट्झला एक सायकल २० मिलिसेकंदांची, म्हणून घड्याळ १ मिलिसेकंद चुकलं की अँगल १८ अंश चुकतो. पीएमयूच्या मानकानुसार मोजमापातली एकूण चूक १ टक्क्याच्या आत हवी. ती सगळी चूक वेळेचीच धरली तरी जेमतेम ३१ मायक्रोसेकंद हाती उरतात.

वेळेबद्दल आणखी एक. घड्याळ भारतीय वेळ देतं आणि पीएमयूला जागतिक वेळ पाठवायची असते. साडेपाच तासांचा फरक सेटिंगमध्ये नीट भरला नाही, तर तुमचा डेटा सकाळी साडेदहाला पहाटे पाचचा म्हणून पोहोचतो, नाहीतर दुपारी चारचा. लॉकचा हिरवा दिवा मात्र छान लागलेला असतो.

आता माझी चूक. एका उपकेंद्रात काम संपवलं. तिन्ही फेजची सेकंडरी व्होल्टेज ६३.५ व्होल्टच्या आसपास, करंट बरोबर, फेज सीक्वेन्स बरोबर, मेगावॅट आणि मेगावार जुन्या मीटरशी जुळलेले. सही केली, जेवायला बसले. पहिला घास तोंडात जातो तोच लोड डिस्पॅचहून (ग्रिडवर नजर ठेवणारं नियंत्रण केंद्र) फोन, "तुमच्या लाइनच्या दोन टोकांमधला अँगल १२७ दाखवतोय."

मी वहीचं मागचं पान काढलं. वाहिनी १५० किलोमीटर, किलोमीटरला ०.३३ ओहम धरून रिअॅक्टन्स ५० ओहम. समोरून आमच्याकडे ४०० मेगावॅट येत होते. ४०० गुणिले ५०, भागिले व्होल्टेजचा, म्हणजे ४०० केव्हीचा वर्ग: ०.१२५ रेडियन. म्हणजे अँगल सात अंशांच्या आसपास हवा. १२७ मधून ७ गेले की उरले १२०. घड्याळाची चूक एवढ्या नेमक्या १२० वर येऊन थांबत नाही, ही फेजची चूक होती. ड्रॉइंगच्या एका पानावर आर-वाय-बी या तीन फेजच्या क्रमाच्या जागी वाय-बी-आर असा क्रम पडला होता, व्होल्टेजलाही आणि करंटलाही, आणि फेरूल (तारांवरचे खुणेचे छल्ले) त्याबरहुकूम छापले गेले होते. दोन्ही सारखेच सरकल्यामुळे सीक्वेन्स बरोबर राहिला, पॉवरही बरोबर राहिली. नुसतं व्होल्टेज सरकलं असतं, तर मेगावॅट जुळलेच नसते आणि मी तिथेच थांबले असते.

म्हणून आता मी एक साधी चाचणी केल्याशिवाय पॅनेल बंद करत नाही. मल्टिमीटरचं एक टोक जुन्या, खात्रीच्या पॅनेलवरच्या आर फेजला, दुसरं पीएमयूच्या आर टर्मिनलला. सीव्हीटी वेगळा असला तरी वाचन शून्याच्या जवळ यायला हवं, तुमच्या आरला वाय आला असेल तर ११० व्होल्ट येतील. मग वाय, मग बी. दोन मिनिटांचं काम आहे. करंटसाठी आर फेजची तार सीटीच्या जंक्शन बॉक्सपासून हाताने शोधत या, फेरूलवर विश्वास ठेवू नका. सीटीची पोलॅरिटी उलटी असेल तर मेगावॅटचं चिन्ह उलटं येतं, ते लगेच दिसतं.

त्यानंतर समोरच्या उपकेंद्राला फोन लावा. तिथल्या यंत्रचालकाला त्याच मिनिटाचं व्होल्टेज आणि मेगावॅट विचारा, वर केला तसा हिशोब करा आणि लोड डिस्पॅचला त्यांच्या पडद्यावरचा अँगल विचारा. अंश-दोन अंशांचा फरक चालतो, कारण वाहिनीची लांबी आणि रिअॅक्टन्स आपण ढोबळ धरलेले असतात. १८, ३०, १२०, १८० असे ओळखीचे आकडे फरकात दिसले तर सही करू नका. १८ ला घड्याळ तपासा, ३० ला एखादा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर मध्ये आला आहे का ते बघा, १८० ला पोलॅरिटी.

सगळं जुळल्यावरही चोवीस तास डेटा बघते. लॉक किती वेळा सुटला, किती फ्रेम गळल्या. नोंदवहीत कोअर, अँटेना केबलची लांबी, त्या वेळचं लोड, हिशोबाचा अँगल आणि दिसलेला अँगल हे पाचही लिहून ठेवते, आणि समोरच्या उपकेंद्राचा नंबर पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवते. पावसाळ्याआधी गच्चीवर जाऊन अँटेनाच्या कनेक्टरवरची टेप बघा. त्यात पाणी शिरलं की जुलैच्या पहिल्या आठवड्यात लॉक सुटायला लागतो.