टग हिलचा बर्फ येण्याआधी पॉलिहाऊस सांभाळा

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, लेक ऑन्टारिओ या सरोवराच्या पूर्वेला, ऑस्विगो शहरापासून टग हिलच्या पठारापर्यंत ज्यांनी पॉलिहाऊस घातलंय आणि हिवाळ्यातही मेथी-पालक काढायचं मनावर घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

इथला बर्फ सरोवरातूनच येतो. कॅनडाकडची गार हवा उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलते आणि टग हिलच्या चढावर रिती होते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांत 13 अंश सेल्सिअसचा फरक पडला की सावध व्हायचं. शेजारचं लेक इरी सरोवर उथळ, ते गोठलं की तिकडचा जोर ओसरतो. ऑन्टारिओ खोल, क्वचितच पूर्ण गोठतं. म्हणून आपल्याला फेब्रुवारीतही सुट्टी नाही. 2007 च्या फेब्रुवारीत टग हिलवरच्या रेडफिल्ड गावाला दहा दिवसांत 141 इंच पडला होता. शिवाय बर्फाचा पट्टा अरुंद असतो, शेजारच्या गावात ऊन आणि आपल्याकडे गुडघाभर बर्फ. त्यामुळे अंदाजातल्या इंचांपेक्षा आपल्या छतावर नजर ठेवा.

आता वजन बघा. फूटभर भुसभुशीत बर्फात साधारण पाऊण इंच पाणी असतं. 30 बाय 96 फुटांच्या छतावर तो सगळा टिकला, तर पाच टन होतात. त्यावर पाऊस पडला की बर्फ पाणी पितो आणि खरा धोका तेव्हा असतो.

बर्फ पडायच्या आधी कमानींच्या मध्यावर लाकडी टेकू द्या. पडायला लागला की दर काही इंचांना आतून झाडा. मी लांब दांड्याच्या झाडूला जुना टॉवेल गुंडाळतो आणि हलकेच ढुशी देतो. सर्रकन लादी घसरते आणि आत एकदम उजेड होतो. फावडं लावू नका, प्लास्टिक फाटतं. एकच बाजू रिकामी केलीत तर सांगाडा कलतो, म्हणून आलटून पालटून झाडा. दोन्ही कडेचे ढीगही उपसत राहा, नाहीतर वरचा बर्फ घसरणार कुठे?

पाइप करकरायला लागले तर आत पाऊल टाकू नका. बाहेरूनच प्लास्टिक कापून टाका, निदान सांगाडा वाचेल.

फोनवर स्नो स्क्वॉलचा, म्हणजे वाऱ्यासोबत अचानक येणाऱ्या जोरदार बर्फाच्या झोडीचा, इशारा वाजला की गाडी काढू नका, गोठ्याकडेही निघू नका. ती झोड बहुधा तासाच्या आत जाते, पण तेवढ्यात समोरचा हात दिसत नाही.

बाहेरच्या लसणाच्या वाफ्यावरचा बर्फ मात्र तसाच राहू द्या. त्याचीच गोधडी होते.