कॅप्सूल एंडोस्कोपीची तयारी: आदल्या दिवशी पेज नको, सोलकढी तर नकोच

कॅप्सूल एंडोस्कोपी म्हणजे कॅमेऱ्याची गोळी गिळून केलेली आतड्याची तपासणी. ही गोळी साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड असते. आत कॅमेरा, दिवा आणि बॅटरी. नेहमीच्या दुर्बिणीतून डॉक्टर पाणी मारून आतडं धुऊन घेतात. या गोळीला ते जमत नाही. समोर घाण आली तर घाणीचाच फोटो काढून ती पुढे सरकते. म्हणून सगळी मदार आदल्या संध्याकाळवर.

सुरुवात मात्र आठवडाभर आधी करायची. ही तपासणी बऱ्याचदा रक्त कमी झालेल्यांचीच होते आणि लोहाच्या गोळ्याही तेच घेत असतात. लोहाने आतड्यात काळा थर बसतो, तेव्हा त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा. पोटाचं जुनं ऑपरेशन, क्रोन्स आजार (आतड्याला सतत सूज येणारा), वर्षानुवर्षं घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, पेसमेकर, गिळायला त्रास, हे सगळं न विचारता सांगा. आतडं कुठे अरुंद असेल तर कॅमेऱ्याची गोळी अडकू शकते. तशी शंका असली तर आधी विरघळणारी चाचणी-गोळी देतात. मधुमेहाच्या औषधांचा डोस उपाशी दिवसासाठी बदलून घ्यावा लागतो. किडनी किंवा हृदयाचा आजार असल्यास जुलाबाचं औषध कुठलं, हेही डॉक्टरच ठरवतील.

आदल्या दिवशी सकाळी हलका नाश्ता. तांबडी भाजी नको. दुपारपासून फक्त नितळ पेय. ग्लास खिडकीसमोर धरा; पलीकडचे गज स्पष्ट दिसले तर प्या. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबूपाणी, बिनदुधाचा चहा चालतो. गोव्यात घोटाळा होतो तो पेजेवरून. आमची आत्या म्हणाली, "पेज म्हणजे पाणीच ना!" आणि लोणच्याच्या फोडीबरोबर वाटीभर प्यायली. बरेचसे फोटो गढूळ आले, तपासणी पुन्हा करावी लागली. सोलकढीत नारळाचं दूध. नुसतं कोकमाचं सरबत नितळ असलं तरी तांबडं, फोटोत रक्तासारखं दिसेल.

संध्याकाळी जुलाबाची पावडर सांगितल्याप्रमाणे पाण्यात कालवा, बहुतेकदा २ लिटर. चव खारट, थोडी बुळबुळीत. थंड करून, स्ट्रॉने प्यायल्यास सोपं जातं. दर १५ मिनिटांनी २५० मिलिलिटरचा एक ग्लास, म्हणजे दोन तासांत आठ. मळमळलं तर अर्धा तास थांबा, पण उरलेलं ओतून देऊ नका. सारखी उलटी किंवा चक्कर आली तर फोन करा. शेवटी शौचाला पिवळसर पाण्यासारखं होऊ लागलं की काम झालं. त्यानंतर रात्रभर उपास, साधारण १० ते १२ तास. नेमकी वेळ तुमच्या हॉस्पिटलच्या कागदावर असेल तीच पाळा.

काणकोण किंवा पेडण्याहून पणजीकडे यायचं असेल आणि पहाटे पुन्हा डोस दिला असेल, तर बस टाळा. सैल, दोन भागांचे कपडे घाला. कमरेला फोटो साठवणाऱ्या रेकॉर्डरचा पट्टा बांधतात.

गोळी गिळल्यावर साधारण दोन तासांनी नितळ पेय आणि चार तासांनी हलकं खाणं. आता पेज खुशाल घ्या. गोळी एक-दोन दिवसांत शौचावाटे निघून जाते. ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही.