‘वाढली’ लिहिण्याआधी

बातमीदारीत नव्याने आलेल्यांनी आधी एकच क्रियापद नीट शिकावं असं मला वाटतं : वाढणे. कोकणात जिल्हा पानावर काम करताना ते दिवसातून दहादा हाताखालून जातं. मासळीची आवक वाढली, हापूसचे दर वाढले, महामार्गावरचे अपघात वाढले, नदीचं पाणी वाढलं. आपल्याला येतंच की, असं वाटतं. मलाही वाटायचं.

22 जुलै 2021 च्या महापुरानंतरचा एक पावसाळा. मी चिपळुणात नवी होते. सकाळी वाशिष्ठी नदीची पातळी 2.5 मीटर होती, दुपारी 4 मीटर झाल्याचं फोनवर कळलं. घाईत मी लिहिलं, ‘पातळी 4 मीटरने वाढली’. बातमी लगेच मोबाइलवर गेली. थोड्या वेळाने बाजारपेठेतल्या एका दुकानदारांचा फोन आला, “ताई, म्हणजे आता साडेसहा झाली काय? मी माल वर चढवायला माणसं लावलीत.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. 2005 आणि 2021 चे दोन्ही महापूर पाहिलेल्या माणसाला मी एका ‘ने’मुळे धावायला लावलं होतं.

म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते. ‘ने’ फरक सांगतो, ‘वर’ मुक्काम सांगतो. 2.5 ची 4 झाली, तर पातळी 1.5 मीटरने वाढली आणि 4 मीटरवर गेली. नुसतं ‘4 मीटर वाढली’ लिहिलंत तरी वाचणारा फरकच समजतो. तेव्हा दोन्ही आकडे द्या, दोन्ही वेळा द्या : ‘सकाळी 8 वाजता 2.5 मीटर असलेली पातळी दुपारी 2 वाजता 4 मीटरवर गेली.’ शब्द चार जास्त लागतात, लागू देत. टक्क्यांनाही हेच लागू. 10 टक्क्यांचे 15 झाले तर ती ‘5 टक्के वाढ’ नव्हे, मूळ आकड्याच्या निम्मी वाढ आहे. ‘10 वरून 15 टक्क्यांवर’ लिहिलं की प्रश्न मिटतो.

‘वाढली’ आणि ‘वाढत आहे’ यांतही गल्लत नको. ‘वाढत आहे’ लिहायचं तर लागोपाठच्या नोंदी हातात हव्यात. वाशिष्ठी दाभोळच्या खाडीला मिळते. भरतीच्या वेळी पाण्याचा निचरा मंदावतो, म्हणून भरतीची वेळ विचारल्याशिवाय मी आता पाण्याची बातमी सोडत नाही.

मासळीचं थोडक्यात : 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ‘जुलैपेक्षा ऑगस्टमध्ये आवक वाढली’ या वाक्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. मागच्या ऑगस्टशी तुलना करा. आणि गावाकडच्या कार्यक्रमात नारळ ‘वाढवतात’. शहरातून आलेल्यांनी तिथे ‘फोडला’ लिहिलं की वाचणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना टोचतं.

इंग्रजी बातमी मोबाइलवर मराठी करून चिकटवू नका, हे मी कडकपणे सांगते. ‘ने’ आणि ‘वर’ तिथेच घसरतात. “आकडा मोठा दिसला पाहिजे” असं शिकवणाऱ्या वरिष्ठांपासूनही लांब राहा. मला घडवलं ते डेस्कवरच्या एका वयस्क उपसंपादकांनी. त्या चुकीनंतर ते ओरडले नाहीत. दुरुस्ती माझ्याकडूनच लिहून घेतली, तीही पहिल्या बातमीइतक्याच ठळक जागी. नंतर कितीतरी दिवस माझी प्रत हातात घेतली की विचारायचे, “कितीवरून? कधीपासून?”

चूक होईल, घाबरू नका. महिनाभरात हात आपोआप थांबायला लागतो. पण पावसाळ्यात, पाण्याच्या बातमीत चुकायची मुभा नाही.

त्या दुकानदारांचा फोन अजून येतो, मुसळधार पाऊस लागला की हमखास. आता ते ‘किती वाढलं’ म्हणत नाहीत. “ताई, कितीवर आलं?” असंच विचारतात.