परतीचा दिवस पणजीला द्या

गाडी रात्रीची असेल, तर शेवटचा दिवस किनाऱ्यावर घालवू नका. ओले कपडे आणि वाळू बॅगेतून घरी येते. पुण्याच्या माझ्या मावसबहिणीला मी त्या दिवशी पणजीच दाखवते.

सामान हॉटेलातच ठेवायला सांगा. सकाळी पातळभाजी आणि गरम उंडो, म्हणजे इथला गोल पाव, खा. मग मळा या भागाच्या बाजूने फोंतेन्यस या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीत शिरा, दहाच्या आत, ऊन तिरपं असताना. निळ्या-पिवळ्या भिंती, पांढऱ्या कडा, लाल कौलं. घरांत माणसं राहतात, त्यांच्या दारात उभं राहून फोटो काढू नका.

दुपारी जेवून आडवे व्हा.

चारनंतर जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा पाहा. हा संमोहनाचा अभ्यासक १७५६ साली आपल्या कांदोळीत जन्मला, १८१९ साली पॅरिसात वारला. पुतळ्यातल्या बाईवर रोखलेले त्याचे हात समोरून बघा, बाजूने बघा. मला अजून दरवेळी थांबावंसं वाटतं.

शेवटी मांडवी नदीपलीकडच्या बेतीला जाणारी फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. कठड्याशी उभे राहा: खाली मांडवीचं मातकट पाणी, इंजिनाची थरथर तळपायांत, मागे दिवे लागत चाललेली पणजी. पलीकडे उतरा, चहा घ्या आणि पुढच्या बोटीने परत या.