शेल्टरमधून आणलेल्या कुत्र्याला आधी त्याचा कोपरा द्या

शेल्टरमधून, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातून आणलेला कुत्रा पहिल्या दिवशी पलंगाखाली शिरून बसला, जेवला नाही, तर त्याला ओढून बाहेर काढू नका. येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, भिंतीला लागून एक जुनी गोधडी आणि पाण्याचं भांडं ठेवा. तो कोपरा फक्त त्याचा. तिथे मुलांनीही हात लावायचा नाही. आमची काळी कुत्री कुकरची शिट्टी झाली की थरथरायची. मी रोज तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे, शेजारी उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे ठेवून. पाचव्या दिवशी तिचं ओलं नाक माझ्या हाताला लागलं. तो स्पर्श मी विसरणार नाही.

खाणं शेल्टरमधलंच आठवडाभर चालू ठेवा, मग हळूहळू बदला, नाहीतर पोट बिघडतं. आंघोळ आणि पाहुणे नंतर. सगळ्यात जपायचं ते दार! घाबरलेला कुत्रा मान मागे ओढून गळपट्ट्यातून क्षणात निसटतो. म्हणून बाहेर नेताना हार्नेस (छाती-पाठीभोवती बांधायचे पट्टे) आणि गळपट्टा दोन्हींना हातात धरायची दोरी लावा, फोन नंबरचा बिल्ला घरी आणण्याआधीच करून घ्या. पूर्ण रुळायला 3 महिनेही लागतात, लागू देत. मात्र तो पाणीही पीत नसेल किंवा उलट्या-जुलाब सुरू झाले, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्या.